वत्सलाचा नक्षत्रांचा आरसा

वत्सला सालवडला राहायची. बोईसरच्या औषध कारखान्यात पॅकिंगला होती. आई नव्हती. वडील धर्माजीकाका, तिचे बापू, तिच्याशी भांडल्याशिवाय जेवत नसत. चौऱ्याऐंशी साली तिने आरसा केला. लाकडी फळीवर मध्ये गोल काच, भोवती पितळी पत्र्याचे सत्तावीस तुकडे. एकेका तुकड्यावर खिळा ठोकून एकेक नक्षत्र उठवलेलं. आकृत्या जुन्या पंचांगातल्या. मूळ तिचं जन्मनक्षत्र. त्याचं सिंहाचं शेपूट तिने सगळ्यात सुबक वळवलं होतं.

मुळाची सून सासऱ्याच्या जिवावर येते म्हणून दोन स्थळं मोडली होती. तिसऱ्या वेळी काकांनी जन्मवेळ बदलून पूर्वाषाढाची पत्रिका करवली. मुलीचं हातकाम म्हणून आरसा भिंतीवर टांगला. पाहुणे यायच्या सकाळी मुळाचा तुकडा पक्कडीने उपटला.

"मुकाट बस," ते तिला म्हणाले. "हे स्थळ गेलं तर तू अशीच मरशील."

मी शेजारची, तिच्या मदतीला गेले होते. कांदा चिरत होते.

पाहुणे तारापूरच्या वसाहतीतले. मुलाचे वडील भगवंतराव आरशापाशी गेले. बोट फिरवत वाचू लागले. "अनुराधा, ज्येष्ठा... मूळ कुठाय?"

"पडलं असंल," काका म्हणाले.

"पडलं? लाकूड उचकटलंय इथं. मुलीचं नक्षत्र कोणतं म्हणालात?"

वत्सला पोहे घेऊन उभी होती. "मूळ," ती म्हणाली. "बापूंनी सकाळी उपटलं."

भगवंतराव काकांवर धावले. "माझ्या मरणावर टपलास काय रे?"

"पोहे तरी खा," वत्सला म्हणाली. "सून कुठं झालेय अजून?"

मुलगा हसला. बापाने त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. काकांनी ताटली वत्सलाच्या अंगावर फेकली. गरम पोहे तिच्या गळ्यावर चिकटले.

"फसवून दिली असती तर तिथं रोज मारली असती मला," ती म्हणाली.

"मेली असतीस तर सुटलो असतो."

तिने गळा पुसला. काकांसाठी दुसरी ताटली भरली आणि जमिनीवर आपटून ठेवली.

त्या घरात पुन्हा स्थळ आलं नाही. दोघं पुढे नऊ वर्षं एकत्र राहिली. काका तिला हाक मारत नसत, भांडं वाजवत. ती मुद्दाम उशिरा उठे.