शकूताईंकडे राहून गेलेली जर्सी

शकूताईंनी क्लब स्वतःहून सोडला नव्हता. सहा वर्षांपूर्वीच्या बैठकीच्या रजिस्टरमध्ये ‘प्रकृतीच्या कारणाने, स्वेच्छेने’ असं लिहिलेलं आहे. ते अक्षर माझं आहे आणि ते खोटं आहे. हे आधी कबूल केल्याशिवाय त्यांच्याविषयी काही लिहिण्याचा मला हक्क नाही.

त्यांना जाऊन दीड महिना झाला. बातमी मला पिंकीने दिली. पिंकी आमच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर, आता लहान मुलींना शिकवते. ती दहा वर्षांची असताना शकूताईंनी तिला हाताला धरून मैदानावर आणलं होतं. घरात मराठी ऐकत वाढली, पण उत्तर नेहमी हिंदीत. फोनवर म्हणाली, “भैया, वो गुजर गईं. आपको बताना था, बस.” नुसतं ‘वो’... ताई हा शब्दसुद्धा नाही. मी विचारलं, “तू निघालीस का?” तर म्हणाली, “मैं क्यों जाऊं? छोड़ के तो वही गई थीं ना हमको.” त्या क्षणी तरी मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “बरं, मी जाऊन येतो.” अंत्ययात्रेला रेल्वे ऑफिसातली माणसं होती, त्यांच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका होत्या. त्यांनी घडवलेल्या मुलींपैकी एकही नव्हती. बुद्धवंदना चालू असताना मी हात जोडून उभा होतो आणि कोणाच्याही डोळ्याला डोळा देत नव्हतो.

शकूताई रेल्वेच्या ऑफिसात चपराशी होत्या. नवरा लवकर गेला, त्याच्या जागेवर लागल्या. माहेर मूळचं भंडाऱ्याकडचं, पण दोन पिढ्या आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात, गुढियारीच्या वस्तीत गेलेल्या. लहानपणी भावांबरोबर रेल्वेच्या मैदानात फुटबॉल खेळलेल्या, तेवढंच त्यांचं शिक्षण. मालगोदामामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी सात मुली जमवल्या, बांबूचे गोलपोस्ट रोवले, आणि त्या जागेच्या परवानगीचा अर्ज घेऊन मी कारकून होतो त्या ऑफिसात आल्या. अर्ज चुकीचा होता, मी तो पुन्हा लिहून दिला. कागद डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, “अक्षर मस्त हाय भाऊ तुमचं. आता तुम्हीच सेक्रेटरी.” मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पुढच्या रविवारी मी खरंच चौबे कॉलोनीतून स्कूटर काढून गुढियारीला गेलो, आणि पुढची चौदा वर्षं जात राहिलो.

आमच्या क्लबात त्यांनी एक रीत घातली होती, ती मी दुसऱ्या कुठल्या संघात पाहिली नाही. मॅच झाली की आपली जर्सी आपण धुवायची नाही. प्रत्येकीने दुसरीची घरी न्यायची, हाताने धुवायची आणि पुढच्या सरावाला तिच्या हातात द्यायची. बाहेर बसलेल्या राखीव मुलींना, ताईंना आणि मलाही त्यात पाळी. “दुसरीचा घाम धुतला का मैदानात तिले पास देणं जमते,” असं त्या म्हणायच्या. पहिल्यांदा माझ्या पाळीची जर्सी घरी नेली, तेव्हा आई म्हणाली, “कोणाकोणाचे कपडे आणतोस रे घरात?” त्या ‘कोणाकोणाचे’मध्ये काय होतं ते मला चांगलं कळलं होतं. मी वाद घातला नाही. जर्सी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत टाकली आणि मुलींसमोर मात्र आपणच धुतल्यासारखी दिली. पुढे प्रत्येक वेळी तेच केलं. बाकी सगळ्या जर्श्या दोरीवर वाळून चुरगळलेल्या यायच्या, माझी तेवढी कडक घडीची. माझ्या कधी लक्षातही आलं नाही.

पिंकी गोलमध्ये उभी राहिली तीही गंमतच होती. पायात चपला, आणि पळायला साफ नकार. ताई म्हणाल्या, “नाही पळत तं इथंच उभी राह्य. पण काही आत आलं तं तुह्याकडून वसूल करीन.” त्या पोरीने पुढे राज्याच्या अंतिम सामन्यात दोन पेनल्टी अडवल्या. आम्ही राज्यात जिंकलो, पुन्हा जिंकलो, मुलींना रेल्वेत आणि पोलिसांत नोकऱ्या लागल्या. बाहेरगावचे संघ ‘गुढियारीच्या पोट्ट्या’ म्हणून आधी हसायचे, नंतर तेच नाव जपून घ्यायला लागले.

मग क्लबाला एक मोठे ठेकेदार अध्यक्ष मिळाले. बस आली, हिरवळीचं मैदान आलं, देशपातळीवर खेळायची वाट दिसायला लागली. त्यांनी मला एकट्याला बोलावलं. कोच पदवीवाला हवा, म्हणाले. चपराशीण बाई संघ घेऊन बाहेर उभी राहिली की बरं दिसत नाही. ताईंना मार्गदर्शक म्हणून ठेवू, मंचावर बसवू, फक्त त्या आपणहून बाजूला झाल्या असं कागदावर हवं. संघाच्या भल्यासाठी मी लिहिलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं असं की पदाधिकाऱ्यांना क्लबाचे ब्लेझर मिळणार होते आणि मला तो हवा होता. ताईंना मी बैठकीची खबरच दिली नाही. मुलींना मैदानावर गोळा करून सांगितलं की ताई थकल्या, त्यांनी क्लब सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या आल्या. गळ्यात शिट्टी, खांद्याला पिशवी. मैदानावर नवा कोच उभा होता, ‘तुम्ही तर सोडल्याचं लिहून दिलंय’ असं तो त्यांना म्हणाला. मुली आपल्या रांगेत, माना खाली. ताई माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, “मी कधी लिहून देल्लं, भाऊ?” मी हातातल्या वहीत बघत राहिलो. त्यांनी एकदा मुलींकडे पाहिलं, काहीतरी बोलतील असं वाटलं... बोलल्या नाहीत. वळल्या आणि गेल्या. मुलींना वाटलं, चोरी पकडल्यासारख्या गेल्या. मंचावर त्यांना कधी कोणी बसवलं नाही. तीन वर्षांनी अध्यक्षांनी मलाही एका ओळीच्या पत्राने काढलं. ते पत्र वाचून माझा विश्वासघात झाला असं मी बायकोला म्हणालो, आणि तो शब्द माझा मलाच ऐकू आला.

त्यांची माझी शेवटची भेट गोल बाजारात झाली, गेल्या दिवाळीच्या आधी. भांड्यांच्या दुकानासमोर, फार वाळलेल्या. मी वाट बदलणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. “काय भाऊ, जर्श्या कोण धुते आता?” मी म्हटलं, आता मशीन आहे. “तुमची तं आधीपासून धोबीच धुवे,” त्या हसल्या. “इस्त्री लपते काय भाऊ? पोट्ट्याइले बी मालूम होतं. मीच म्हटलं, राहू द्या, बिचारा येते तं खरं.” मी विचारलं, “त्या दिवशी तुम्ही मुलींना सांगितलं काहून नाही, ताई?” त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. “सांगतलं असतं तं साऱ्या माह्या मागं निघून आल्या असत्या. मंग खेळल्या कुठं असत्या?” निघताना म्हणाल्या, “पिंकीची जर्शी राह्यली हाय माह्याजवळ. त्या दिवशी पिशवीतच होती, द्याची राहून गेली. माह्या हातून ते घेणार नाही. तुम्ही येजा, घेऊन जाजा.” येतो म्हणालो. गेलो नाही. ती जर्सी द्यायची तर ती ताईंकडे का राहिली हेही पिंकीला सांगावं लागलं असतं.

त्या गेल्यावर पंधरा दिवसांनी मी त्यांच्या खोलीवर गेलो. भाचीने काही न विचारता कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक नंबरची जर्सी होती. ताईंनी धुतलेलीच होती, पण सहा वर्षांत घडीवर पिवळी रेघ पडली होती. घरी आणली, अंगणातल्या नळाखाली बसलो आणि साबण लावून हाताने धुतली. बायको दारात उभी राहून बघत होती. रेघ पूर्ण गेली नाही. दोरीवर वाळवली, तशीच चुरगळलेली पिशवीत घातली आणि सरावाच्या वेळी मैदानावर गेलो.

पिंकीने ती उलगडली. नंबर पाहिला, बाह्यांवरच्या चुण्या पाहिल्या. “क्या बात है भैया, आज धोबी नहीं मिला?” असं म्हणाली खरी, पण तिचा आवाज अर्ध्यातच गेला, कारण ताईंसोबतची ती शेवटची मॅच तिला आठवली असावी आणि ही जर्सी त्या दिवशी कोणी नेली होती तेही. आजूबाजूच्या लहान मुली खेळायच्या थांबल्या. मी त्यांना जा म्हणालो नाही. ज्या मैदानावर खोटं सांगितलं होतं, तिथेच सांगितलं:

“पिंकी, ताईंनी तुम्हाला सोडलं नव्हतं. मी त्यांना काढलं आणि तुम्हाला खोटं सांगितलं. त्या सकाळी ही तुझी जर्सी द्यायला आल्या होत्या. तुमचा खेळ मोडू नये म्हणून त्या गप्प राहिल्या आणि मी भित्रेपणाने. त्यांची माफी मागायची होती, मी उशीर केला. आता तुझी मागतो.”