टिकायला नेलेली द्राक्षं

निफाडकडच्या आमच्या वस्तीवरून सकाळच्या एसटीत बसलो तेव्हा मांडीवर द्राक्षांची पेटी होती. कंडक्टर म्हणाला, "टपावर टाका बाबा." मी म्हणालो, "नाय टाकणार." पोराच्या आईनं विरळलेला, म्हणजे घडातले दाटीचे मणी कात्रीनं काढून मोकळा केलेला, तो शेवटचा माल. मार्गशीर्षात तिनं कात्री चालवली, पौषात गेली. बाकीची बाग व्यापाऱ्यानं उतरवली, एवढे घड मी राखले. पण द्राक्ष राखून राहत नाही, आठवड्यात मऊ पडतं. माझा पोरगा सदा, त्यानं दिंडोरीच्या वाटेला वाइनचा कारखाना काढला होता. तो शब्द तेव्हा आमच्या गावात कोणाला ठाऊक नव्हता, सगळे दारूच म्हणायचे. सदा सांगायचा, वाइन वर्षानुवर्षं टिकते. म्हटलं, मग तिच्या हातचं काहीतरी टिकू दे.

शहरात द्वारकेच्या चौकात उतरलो. ट्रका, टांगे, रिक्षा, कोणी कोणाला थांबत नाही. चहा प्यालो, निव्वळ गरम पाणी. एका टेम्पोवाल्यानं मागं बटाट्याच्या पोत्यांत पेटीला जागा केली अन् मला पुढं बसवलं.

"कुठं चालला काका?"

"दारूच्या कारखान्यात."

"या वयात? आन् माल घरूनच घेऊन?"

पुढं माळ लागला. गवत वाळून पिवळं, डोंगर उघडे. एका खड्ड्यात गाडी आपटली आणि पोतं घसरून पेटीवर पडलं. वरचे दोन घड फुटले, रस फळीवरून गळायला लागला. तो हसला, "काका, तुमची दारू हितंच झाली की!" मी त्याला सांगितलं हा माल कोणाच्या हातचा. तिथून पुढं खड्डा दिसला की गाडी अगदी बैलगाडीसारखी चालवायचा.

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि स्टीलच्या टाक्या. लाइट गेली होती. सदा आणि कामाच्या बाया टाक्यांना ओली गोणपाटं गुंडाळत होत्या, वर बर्फ रचत होत्या. आतला रस तापला की बिघडतो. मुंबईच्या हॉटेलवाल्यानं पहिला माल चाखायला मागितला होता. तो बिघडला तर शेडला कुलूप. पोराचे डोळे लाल झाले होते.

त्यानं एक मणी तोंडात टाकला.

"आबा, ही खायची द्राक्षं. पाणीदार. याची वाइन फिकी होईल, टिकायची पण नाय."

"तूच म्हणला होतास टिकते."

"बारक्या मण्याच्या, जाड सालीच्या द्राक्षाची टिकते. आईनं तर मणी मोठा व्हावा म्हणून विरळली ना?"

"टाकीत नको घालू. एका बरणीत घाल. कोपऱ्यात ठेव."

त्यानं घड उचलला, उजेडात धरला. खाली ठेवीना.

"तुम्ही म्हणाल तर घालतो. पण आंबून जाईल, आबा. आईच्या हातच्या मालाचं आंबट पाणी करू?"

उन्हात त्या बाया बर्फाचे तुकडे तोंडाला लावत होत्या.

"मग खा," मी म्हणालो. "सगळ्यांना दे."

दुपारी शेडच्या सावलीत बसलो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि द्राक्षं. एक बाई म्हणाली, "लय गोड हाय हो बाबा! साखर घातली का काय वेलाला?" दुसरी म्हणाली, "बोलू नको, खा, नायतर मी संपवते." सदा आमच्याकडं पाठ करून खात होता. आईच्या मातीला तो रडला नव्हता. तिथं रडला. जेवण उरकेपर्यंत पेटीत नुसते देठ राहिले.

दिवेलागणीला घरी आलो. आता गावात पारावर कोणी ना कोणी विचारतो, पोराचा कारखाना कसा काय? मी सांगतो, बरा हाय. द्राक्ष टिकवतात तिथं. पण ती निराळी द्राक्षं. हिची खायची होती. ती खाल्ली.