कडबाकुट्टीचं तोंड

समोर काहीही आलं, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ताजा तुकडा असो वा बाजारातलं वांगं, की तो डोळे मिटायचा आणि त्यावरून अंगठा फिरवायचा. हळू, आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग डोळे उघडून म्हणायचा, "खोटं आहे. फोड." आणि आपण हलायच्या आत स्वतःच फोडायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना तिरसट म्हणतो आणि लांबून जातो. मला लांबून जाता आलं नाही, कारण घण माझ्या हातात असायचा. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत शेतीची अवजारं बनवायचा कारखाना होता, तिथे मी घण मारायला आणि वेल्डिंगला होतो. तो नमुने करायचा. आम्ही त्याला आर्टिस्ट म्हणायचो. चिडवायला म्हणायचो, पुढे तेच नाव पडलं.

घर त्याचं सोनगीरचं, तांब्यापितळेची भांडी ठोकणाऱ्यांचं. बापाचा एक कान ठोकाठोकीनं गेलेला, त्यामुळे घरात सगळे ओरडूनच बोलायचे. हा धुळ्याला जाऊन चित्रकला शिकला. मूर्ती केल्या, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पोट भरेना म्हणून कारखान्यात आला आणि लाकडाचे नमुने कोरायला लागला. त्याच्या नमुन्यावरून माती दाबायची, मातीत बीड ओतायचं. त्यानं कोरलेला साधा कप्पीचा दांडासुद्धा हातात धरून बसावंसं वाटायचं. पण एखाद्या ओतकाऱ्यानं मातीत हयगय केली की हा त्याच्या कानाखाली वाजवायचा. मलाही एकदा मारलंय त्यानं. मी उलटा मारला. दोघांच्या नाकातून रक्त. नंतर एका हंड्याच्या पाण्यानं तोंडं धुतली आणि त्यानं मला बिडी दिली.

मग कॉम्प्युटर आला. शेठ म्हणाले, आता लाकूड कोरायचं नाही, पडद्यावर काढायचं. आर्टिस्टनं पहिल्या आठवड्यात तो माऊस की काय तो भिंतीवर आपटला. पडद्यावर अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "नाना, याला अंगच नाही. मी शिवू कशाला?" पण शिकला. केस पिकलेले असताना पोरांच्या क्लासात मागच्या बाकावर बसून शिकला. आधी मातीचं करायचा, मग तेच पडद्यावर उभं करायचा. एकदा मला बोलावून दाखवलं. रोलरचं घर पडद्यावर गरगर फिरत होतं, आतून बाहेरून दिसत होतं. म्हणाला, "मूर्तीच्या पोटात शिरून कधी पाहिलंय का? मी पाहतोय." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी म्हणालो, चष्मा बदल.

कडबाकुट्टीचं सांगायचं ते आता.

चारा कापायचं हे मशीन तुम्हाला माहीतच आहे. पुढे तोंड, आत दोन रोलर, मागे चाकावर पाती. तोंडात कडबा द्यायचा, रोलर तो ओढतात, पाती बारीक करतात. आमच्या मशीनचं तोंड म्हणजे पत्र्याचा चौकोनी डबा होता. कडबा कोपऱ्यात अडायचा. शेठ म्हणाले, कडबा पाण्यासारखा गेला पाहिजे.

आर्टिस्टनं कितीतरी तोंडं केली आणि फोडली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी त्याला घरी जेवायला बोलावलं. आमचं घर जळगावला लागूनच्या खेड्यात. बायको मांडे करत होती. बाहेरगावच्यांनी मांडा होताना पाहिला नसेल तर सांगतो. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घ्यायचा आणि फिरवत फिरवत वाढवायचा. तो तळव्यांवरून मनगटांवर येतो, मनगटांवरून कोपरांपर्यंत पसरतो, आणि मग पालथ्या खापरावर टाकतात. माझ्या बायकोच्या हातावरचा मांडा पाहायला शेजारच्या बायका यायच्या.

हा दारात उभा राहून बघतच राहिला.

ती म्हणाली, "काय देखी ऱ्हायना भो? कधी मांडा देखा नही का?"

"अक्का, हालू नको. तशीच उभी ऱ्हाय."

"मांडा फाटी जाई. तुना बापनं काय जास?"

यानं चुलीतला कोळसा उचलला आणि मांडा तिच्या हातांवरून जसा उतरला होता ती रेष सारवलेल्या भिंतीवर ओढली. तिनं उलथनं फेकून मारलं, कपाळाला लागलं. हा हसत होता. "सापडलं नाना, सापडलं. कुठेच थांबत नाही ही रेष."

त्या रेषेवरून केलेलं तोंड मशीनवर बसलं तेव्हा कारखान्यात सगळे बघायला आले. एवढं देखणं बीड मी आयुष्यात पाहिलं नाही. त्यानं डोळे मिटून अंगठा फिरवला आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही. कडबा नुसता टेकवला की आत सरकायचा. चोपड्यापासून साक्रीपर्यंत गिऱ्हाईक तेच तोंड मागायला लागलं. कॉम्प्युटरमुळे प्रत्येक तोंड हुबेहूब सारखं निघायचं. मीही एक मशीन घरी नेलं. दोन म्हशी होत्या.

एका सकाळी बायको चारा कापत होती आणि मी अंगणात दात घासत होतो. तिचा आवाज ऐकला. माणसाचा वाटला नाही. मी बटण बंद केलं तोवर उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला होता. बांगड्या आधी फुटल्या, मग बाकीचं. कुट्टीच्या ढिगावर जे पडलं होतं ते मी पोत्यानं झाकलं. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "म्हशीस्ले चारा टाका का कोनी?"

तिसऱ्या दिवशी मी रजा मागायला कारखान्यात गेलो. आर्टिस्टनं विचारलं, "कोणतं मशीन?"

मी म्हणालो, "आपलंच."

तो बाहेर आला. आवारात रंगवलेली नवी मशीनं रांगेनं उभी होती, हंगामाचा माल. त्यानं डोळे मिटले आणि एका तोंडात हात घातला. बोटं गेली, मनगट गेलं, कोपर गेलं. कशालाच अडलं नाही. थेट रोलरला बोटं टेकली. त्यानं हात काढला आणि म्हणाला, "नाना, घण आण."

मी आणला. तुम्ही म्हणाल का आणला. बायकोचा हात गेलेल्या माणसाला हे विचारू नका.

बीड वाकत नाही, फुटतं. पहिल्या घावात पहिलं तोंड फुटलं, कपची उडून माझी भुवई फाटली. तो घाव घालत पुढे पुढे जात होता आणि ओरडत होता, "पूर्वी माझी चूक एका मशीनपुरती राहायची! आता बटण दाबलं की गावोगाव! गावोगाव!" शेठची माणसं धावली. एकानं मागून मोठा पाना त्याच्या कानामागे हाणला. पडला, उठला, आणखी एक फोडलं. मग चौघांनी त्याला लाथांनी तुडवलं. मी मध्ये पडलो तर मलाही. शेठनं पोलिसांना बोलावलं नाही. म्हणाले, बोभाटा झाला तर माल कोण घेईल? तोंड बदलायला मात्र तयार झाले नाहीत. आम्हा दोघांना गेटबाहेर काढलं. आर्टिस्टच्या कानातून रक्त येत होतं. तो कान पुढे कामाचा राहिला नाही.

नंतर त्यानं सोनगीरला भावाच्या भट्टीवर दुसरं तोंड केलं. पोलादी पत्र्याचं, लांबडं, कुरूप, वर आडवा दांडा. कडबा दांड्याखालून जायचा, पण कोणाचा हात आत गेला की दंड दांड्याला लागायचा आणि रोलर जागेवर थांबायचे. मला म्हणाला, "विकलेली सगळी तोंडं बदलायची. तू वेल्डिंग कर." शेठनं त्याला चुकीचं ठरवलं होतं, गावानं वेडा. मी गेलो त्याच्याबरोबर. घरी तिच्या समोर बसून करणार काय होतो?

तुम्हाला वाटेल लोकांनी स्वागत केलं असेल. चोपड्याकडे एका केळीवाल्यानं काठीनं आमची पाठ सोलली. "चांगलं मशीन बिघडवाले उनात का? कोन्ही धाडं तुम्हले?" दुसऱ्या गावात कुत्रं सोडलं. आर्टिस्टही गप्प बसणारा नव्हता. त्यानं एका सरपंचाची गचांडी धरली, आणि मला त्याला ओढून मोटारसायकलवर टाकावं लागलं.

मग त्याला सुचलं ते त्यालाच सुचू शकतं. त्यानं केळीचा एक खांब घेतला आणि सोलून, कोरून त्याचा बाईचा हात केला. बोटं, मनगट, कोपर. तासभरात असा केला की मी बघू शकलो नाही. त्यावर लुगड्याच्या चिंधीची बाही चढवली, हिरव्या बांगड्या भरल्या. पुढच्या गावात पुरुष भांडायला लागले. त्यानं मशीन चालू केलं आणि तो हात तोंडाला नुसता टेकवला.

गेला. कडाकड बांगड्या फुटल्या, काचा ओट्यापर्यंत उडाल्या. मागून पांढरा चोथा पडला.

पुरुष म्हणाले, "हाई तर केळ शे."

पण मशीनपाशी बायका उभ्या असतात, पुरुष नाही. एक म्हातारी पुढे आली, तिनं स्वतःच्या बांगड्यांकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाली, "बदली टाक. नही तं उद्यापास्नं तू टाक चारा." त्या दिवसापासून आम्हाला मार कमी बसला.

फक्त माझ्या घरचं मशीन तसंच होतं. तो माझ्या दारात येत नव्हता. फाट्यावरूनच मला घ्यायचा. बायको एकदा म्हणाली, "बठ्ठा गावस्ना तोंडं बदलात, आमनंच कसाले सोडं? सांग त्याले."

आला. फाटकाबाहेर उभा राहिला, मान खाली. ती ओट्यावरून म्हणाली, "ये ना. एकच हात ऱ्हायना शे, तो तुनावर कसाले वाया घालू?"

जुनं तोंड कापलं, नवं बसवलं. वेल्डिंग मीच केलं, खात्रीसाठी दोनदा केलं. आर्टिस्ट पिशवीतून केळीचा हात काढायला लागला.

"ते नको माले," ती म्हणाली. "केळले काय दुखस?"

आम्हाला कळायच्या आत तिनं डाव्या काखेत कडबा घेतला आणि उजव्या थोट्या कोपरानं बटण दाबलं. रोलर फिरायला लागले. तिनं कडब्याबरोबर डावा हात आत घातला, आणि घालतच गेली. मी ओरडलो. आर्टिस्टनं दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं, तो जमिनीवर बसला होता. खाट्‌कन आवाज आला. दांडा तिच्या दंडाला लागला होता, रोलर थांबले होते. तिनं हात बाहेर काढला. बोटं हलवून पाहिली. त्याच्याकडे वळून म्हणाली, "चहा पेस का?"

तो लहान पोरासारखा रडला. तिनं चहा केला, एका हातानं. सांडला थोडा.

गेल्या थंडीत ती गेली. छाती भरली आणि गेली, दोन दिवसांत. तिरडीपाशी कोणीतरी पुटपुटलं की अपुऱ्या अंगाची बाई, काही विधी करावा लागेल. आर्टिस्टनं त्याला तिथल्या तिथे आडवा केला. मयतीला मारामारी. लोकांनी नावं ठेवली. मला बरं वाटलं, खरं सांगतो. त्या दिवशी मला तेवढीच एक गोष्ट बरी वाटली.

नंतरही आम्ही जात राहिलो. घरात भाकरी करून एकट्यानं खाण्यापेक्षा ते बरं होतं. दोघं म्हातारे, एक मोटारसायकल, मागे वेल्डिंगचं सामान. तो गाडी चालवायचा आणि मी मागून ट्रक आला की त्याच्या पाठीवर थाप मारायचो, कारण त्याचा एक कान गेलेला होता आणि दुसराही आता मंद झाला होता.

त्या दिवशी मी मागे नव्हतो. तो सोनगीरहून तोंड घेऊन एकटाच निघाला होता, मी पुढच्या फाट्यावर वाट बघत होतो. आग्रा रोडवर मागून ट्रक आला. ड्रायव्हर पोलिसांना सांगत होता, हॉर्न वाजवला, सारखा वाजवला, हा माणूस हललाच नाही. मी तिथे पोहोचलो तेव्हा त्याच्यावर चादर टाकली होती. चादर जागोजाग लाल झाली होती. ते पोलादी तोंड लांब जाऊन पडलं होतं, आणि त्याच्या बाजूनं गाड्या जात होत्या.

त्याची चिता शांत झाल्यावर मी ते तोंड आणि वेल्डिंगचं सामान पोत्यात घालून एसटीनं त्या गावाला गेलो. त्या घरी निरोप गेला होता, आम्ही येईपर्यंत मशीन लावू नका. मालकीण तरणी बाई होती, कडेवर लेकरू. तिनं खरंच मशीन लावलं नव्हतं. इतके दिवस विळ्यानं चारा कापत होती, तळव्याला फोड आले होते. मी जुनं तोंड कापलं आणि नवं जोडलं. तिनं बटण दाबलं, भीत भीत हात आत घातला. रोलर थांबले. ती हसली. लेकरू पण हसलं.

मग रस्त्याकडे बघत तिनं विचारलं, "बाबा, ते दुसरा कोठे शेतस? निरोप धाडेल व्हता ते?"

मी सामान पोत्यात भरत होतो.

"मांगून येई ऱ्हायना," मी म्हणालो.