हाताला गरम लागलं तर थांबायचं

कोलशेतला आमच्या शेडच्या मागे फुटलेल्या टायरांचा ढीग आहे. मुद्दाम कोणी रचला नाही. एक फुटला, टाकला. दुसरा फुटला, त्याच्यावर टाकला. पावसाळ्यात त्यांत पाणी साचतं आणि डासांची फवारणी करणारे येऊन आम्हाला शिव्या घालून जातात. आमच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. जपून कोणी ठेवले नाहीत, पण चहाला बसलं की एकेक निघतोच.

आधी आम्ही कोण ते सांगतो. आम्ही चाकावरचं घर भाड्याने देतो. आत दोन पलंग, छोटा ओटा, बाथरूम, आणि हे सगळं माझ्या डबल केबिनच्या पिकअपला मागे अडकवायचं. चालवतो मी, सुनील, राहणार शहाड. पूर्वी टेम्पोवर होतो. ट्रेलर बांधला हरेशने. तो बाळकुमचा कोळी, बापाच्या हाताखाली होड्या दुरुस्त करायला शिकलेला, म्हणून आमच्या घराचं छप्पर उलट्या होडीसारखं आहे. बुकिंग घेते जयू, डोंबिवलीची. ती खोटं बोलत नाही, ही आमच्या धंद्यातली मोठी अडचण आहे. गिऱ्हाइकाने विचारलं, "टायर वगैरे फुटत नाही ना?" तर ही म्हणते, "फुटतो ना. अधूनमधून फुटतो."

आणि खरं सांगायचं तर हरेशने हे घर धंद्यासाठी बांधलंच नव्हतं. आईसाठी बांधलं होतं. आईचं माहेर एडवण, सफाळ्याच्या पलीकडे, थेट समुद्रावर. लग्न करून ती बाळकुमला आली ती खाडीवर. "खाडीला लाट नाय," हे तेव्हापासून तिचं गाऱ्हाणं. आता तर खिडकीतून खाडीही दिसत नाही, समोर टॉवर उभे राहिले. गुडघे गेलेत, एसटी जमत नाही, आणि दुसऱ्याच्या घरी झोपायचं नाही हा हट्ट. शेवटी हरेश म्हणाला, "आई, तुझं घर बरोबर घेऊनच तुला माहेरी नेतो." हा शब्द त्याने आमच्या दोघांच्या देखत दिला होता. एडवण काही लांब नाही, ट्रेलर लावून रमतगमत गेलं तरी तीन तास.

*

पहिला मुहूर्त. ट्रेलरला झेंडूचा हार, आत एकवीरा आईचा फोटो, माझ्या डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती, प्रत्येक चाकाखाली लिंबू. आई पुढच्या सीटवर, मांडीवर डबा. डब्यात निवट्यांचं कालवण. निवट्या आपल्या खाडीच्या चिखलातली मासळी, एडवणला मिळत नाही, आणि तिच्या भावाचा त्यात जीव.

ट्रेलरचे टायर मी आणलेले, सांगून टाकतो. शहाडच्या एका भंगारवाल्याकडून. नक्षी अशी खोल की बोट आत जाईल. गायमुखच्या पुढे गेलो आणि मागे असा धडाका झाला की झाडावरचे बगळे उठले. आरशात बघतो तर घर एका बाजूला झुकलेलं. हरेश ओरडतोय, "ब्रेक मार, ब्रेक मार!" तिथे ब्रेक मारायचा नसतो. स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय उचलायचा आणि गाडीला तिच्या मनाने हळू होऊ द्यायचं. तेवढी अक्कल मला होती. टायर घेतानाच कुठे गेलेली देव जाणे.

जयूने खाली वाकून टायरवरचे आकडे वाचले. कितव्या आठवड्यात, कुठल्या साली बनला, ते टायरवर लिहिलेलं असतं. "दादा, हा बनला तेव्हा माझा ओम बालवाडीत होता. आता नववीत आहे."

"अगं पण नक्षी बघ ना, कशी नवीकोरी आहे."

"माझा शालूपण नवाकोराच होता. कपाटात राहून राहून घडीवर फाटला."

स्टेपनीसुद्धा त्याच भंगारवाल्याची, त्यामुळे पुढे जायची कोणाची छाती होईना. शेजारच्या खाडीला भरती येत होती. खुर्च्या काढल्या, ट्रेलरमधल्या गॅसवर भात लावला आणि भावाच्या निवट्या आम्हीच खाल्ल्या. देवसुद्धा इतके, लिंबंसुद्धा इतकी, तरी फुटला कसा, असं हरेश पुन्हा पुन्हा म्हणत होता. जयू म्हणाली, "देव हवा भरत नाहीत रे."

*

एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. टायर फुटला की आपल्याला करण्यासारखं फार काही उरत नाही. टायर येईपर्यंत बसायचं. रोज ज्या रस्त्यावरून हॉर्न मारत जातो त्याच्या कडेला एवढं गवत आहे, त्यात एवढी फुलपाखरं आहेत, हे मला पन्नाशीला आल्यावर दिसलं. गाड्या जात राहतात, थोड्या वेळाने त्यांचा आवाज ऐकू येईनासा होतो. मला तर कधी कधी वाटतं, मी या धंद्यात टिकलो तो या बसण्यासाठीच. हे जयूला सांगू नका, ती बुकिंगवर खरं सांगून टाकेल.

*

डोंबिवलीचे एक काका. अगदी शुद्ध बोलणारे, शर्ट इस्त्रीचा, हातात यादी. "आम्ही बाहेरचं पाणी पीत नाही," म्हणाले आणि वीस-वीस लिटरचे बारा जार चढवले. सगळे डाव्या बाजूला, कारण उजव्या बाजूला काकूंना पाठ टेकायचा पलंग. मी म्हटलं, काका, वजन दोन्हीकडे सारखं लागतं. ते म्हणाले, "आपण चालवा, नियोजन माझ्याकडे आहे."

डावा टायर मुरबाडच्या अलीकडे गेला. काका उतरले, टायरला प्रदक्षिणा घातली, चष्मा पुसला. मला वाटलं आता माफी मागतील. म्हणाले, "फुटला ते एक वेळ समजू शकतो. पण त्याने आवाज केवढा केला!"

*

आईला घेऊन दुसऱ्यांदा निघालो तेव्हा टायर नवे होते, हवा मोजून भरलेली होती. डबाही नवा, निवट्याही. पहिल्या चहाला थांबलो तर आई काठी टेकत मागे गेली आणि चाकावर तळहात ठेवला. मग उलटा हात ठेवला. लेकराचा ताप बघतात ना, तसा. दुसऱ्या चाकालाही तसंच. "यो जरा जास्ती तापलाय," म्हणाली.

आम्ही हसलो. चहा प्यायलो आणि निघालो. खाडीवरच्या वर्सोवा पुलाच्या तोंडाशी तोच टायर गेला. बारीक खिळा होता, हवा हळूहळू उतरत होती, आणि हवा कमी झाली की टायर तापतो. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला. जिथे थांबू तिथे दोन्ही चाकांना हात लावायचा, आणि हाताला गरम लागलं तर थांबायचं. मशीन आहे आता आमच्याकडे हवा मोजायचं. तरी हात लावल्याशिवाय मी गाडी हलवत नाही.

त्या दिवशी घाईत जॅक शेडवरच राहिला होता, तो यायला दुपार झाली. आई खुर्चीवर बसून खाली वसईची खाडी बघत होती. ओहोटी लागलेली, होड्या चिखलात कलंडलेल्या. ती वाऱ्यांची नावं सांगत होती. कुठला वारा बोंबील आणतो, कुठला जाळी फाडतो. माझे डोळे कधी मिटले कळलंच नाही. जाग आली तेव्हा पाणी परत चढत होतं, टायर बदलून झाला होता, आणि आई म्हणत होती, "आता उशीर झाला. घरी चला." हरेशने गाडीकडे तोंड फिरवलं. निवट्या मात्र फार छान झाल्या होत्या.

*

हा माझा फजितीचा. रिकामा ट्रेलर घेऊन शिळफाट्याकडून येत होतो. गाणी लावलेली, मी मोठ्याने म्हणत होतो. एक पोरगा बाइकवरून मागे लागला. हॉर्न काय, हातवारे काय. मी साइड दिली. तो जाईना. परत दिली. तो जाईना. मीपण तापलो, काच खाली केली आणि टेम्पोच्या जमान्यातल्या दोन ठेवणीतल्या शिव्या हासडल्या.

त्याने शांतपणे हेल्मेटची काच वर केली. "काका, तुमचं घर लंगडतंय."

उतरून बघतो तर टायर कधीच संपलेला, नुसती रिम रस्त्यावर चाललेली. ओढणाऱ्या गाडीत मागचं काही कळत नाही, हो. पोरगा माझ्याबरोबर जॅक लावायला थांबला. शिव्यांचं काहीच बोलला नाही, त्यामुळे मला जास्त लागलं.

*

नवं लग्न झालेलं एक जोडपं. सफाळ्याजवळ भातशेतांच्या मधोमध टायर गेला. मी ऐटीत म्हणालो, काळजी नको, दहा मिनिटांत बदलतो. मागे गेलो तर स्टेपनीच नाही.

हरेशला फोन लावला. आधी त्याने जोडप्याची खुशाली विचारली. मग म्हणाला, "भाऊ, रागावू नको. नारळी पुनवेला चुलतभावाच्या होडीला कडेला टायर कमी पडत होता, धक्क्यावर आपटते ना होडी. मी आपली स्टेपनी बांधली."

"मग सोड आणि पाठव."

"होडी समुद्रात आहे. शुक्रवारी येईल."

दुसरा टायर येईपर्यंत ती दोघं बांधावर बसून राहिली. भात हिरवंगार, वरून ढगांच्या सावल्या सरकत होत्या. त्यांनी दोन वेळा चहा केला, मलाही दिला. मी मनात म्हटलं, आता आपली अब्रू गेली. महिन्याभराने जयूला त्या मुलीचा फोन आला. "पुढच्या वर्षी त्याच शेताजवळ फुटेल असं काही करता येईल का?"

जयू म्हणाली, "खात्री देता येत नाही, पण शक्यता चांगली आहे."

*

तिसऱ्या खेपेआधी आईचा भाऊ गेला. हरेश म्हणाला, साध्या गाडीने लगेच नेतो. ती म्हणाली, "आता जाऊन कंला? तो मना बगनार हाय का?" मग भाच्यांचा फोन आला की जुनं घर पाडून तिथे स्लॅबचं घर काढलंय, आत्याने येऊन बघावं. आई "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून दिला. पण हरेश शब्दाला अडलेला. पुन्हा निघालो. या वेळी तिच्या मांडीवर डबा नव्हता.

वराई फाट्यावर वळलो आणि रस्त्यातल्या लोखंडी सळीने उजवा टायर उभा चिरला. आम्ही तिघांनी कपाळाला हात लावला. हरेशच्या तर डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या आईला मी एवढंसं नेऊ शकत नाही," असं तो म्हणत होता. आई मात्र ट्रेलरच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होती. तिने एक शेंग त्याच्या हातात दिली. "खा. आपल्याला कुटं जायचं हाय?" स्टेपनी लावली आणि तिने घरीच चला म्हटलं, तेव्हा तिचा आवाज मला जरा मोकळा वाटला. मी तेव्हा फार विचार केला नाही.

*

आता शेवटचा. गेल्या हिवाळ्यातला.

हरेशने या वेळी काही म्हणजे काही सोडलं नाही. टायर नवे, त्यांवरचे आकडे जयूने चष्मा लावून वाचले. स्टेपनी दोन, दोन्हींना साखळी आणि कुलूप. हवा सकाळी, चाकं थंड असताना मोजली. आई पुढच्या सीटवर, मांडीवर नुसते हात. गायमुख गेलं. पूल गेला. वराई फाटा गेला तेव्हा मी श्वास सोडला. तांदुळवाडीचा घाट चढलो, उतरलो, सफाळे मागे पडलं. काही फुटलं नाही. गाडीत कोणी बोलत नव्हतं, बोललं की फुटेल या भीतीने.

एडवण दोन वळणांवर राहिलं तेव्हा आई म्हणाली, "भूक लागलीय." रस्त्याच्या कडेला सुरूची झाडं होती, त्यांच्या सावलीत लावलं. समुद्र दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. जेवलो. आईने भात पुरवून पुरवून खाल्ला. एकदा जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, "ऐक. लाट हाय." मग बराच वेळ आम्ही सगळेच ऐकत बसलो. तास गेला, दीड तास गेला. सुरूच्या काड्या ट्रेलरच्या छपरावर पडत होत्या.

भाच्याचा फोन आला, कुठे आहात, आम्ही दारात उभे आहोत. हरेश लहान मुलासारखा हसला. "आलोच, पाच मिनिटं," म्हणाला आणि खुर्च्या मिटायला लागला.

"थांब," आई म्हणाली. "हात लावायचा हाय."

ती काठी टेकत मागे गेली. डाव्या चाकावर तळहात ठेवला. मग उजव्या चाकाकडे गेली आणि तिथे हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. उलटा हातही लावून बघितला.

"हरेशा, यो तापलाय. पुढं नको."

मी जाऊन हात लावला. दीड तास सावलीत उभा असलेला टायर होता तो, थंडगार. मी तोंड उघडणार तेवढ्यात हरेश तिच्या शेजारी वाकला. तिच्या हाताच्या बाजूला स्वतःचा हात ठेवला. तिच्याकडे बघितलं, मग टायरकडे बघितलं.

"हो गं आई," तो म्हणाला. "लय तापलाय."

आणि झाडाखालचे दोन दगड आणून त्याने चाकांना लावले.

हरेशचा फोन पुन्हा वाजला. तो उचलेना, तेव्हा जयूने त्याच्या हातातून घेतला आणि चार पावलं बाजूला जाऊन आपल्या बुकिंगच्या आवाजात म्हणाली, "नाही हो, आज नाही जमत. टायर फुटला आमचा."