तापलेली काच

आमच्या ह्यांचं नाव भीमराज. तळवड्याहून चाकणला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. माणूस गुणाचा, पण हट्टी, आणि त्या हट्टापायी मी किती रक्त आटवलंय ते माझं मला माहीत. साखरेच्या आजारानं डोळे अधू झाले. गाडी दिसते, माणूस दिसतो, वायरीचा रंग मात्र कळत नाही, आणि दिवसाउजेडी दिवा लागलाय की नाही तेही. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर दुकानात चिटपाखरू फिरकलं नसतं.

म्हणून मी एक युक्ती काढली. गाडी आली की गिऱ्हाइकाला चहाला पिटाळायचं आणि वायरींच्या टोकांना दोरे बांधायचे. तांबडीच्या दोऱ्याला एक गाठ, पिवळीच्या दोन, काळी बिनदोऱ्याची. मग हे बोटांनी चाचपून असं झरझर काम करायचे की बघणारा बघतच राहायचा. जोडून झालं की दिव्यापुढं तळहात धरायचे. काच गरम लागली म्हणजे दिवा लागला.

मी एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. दुपारी सुटून दुकानात येते, म्हणून वायरिंगच्या गाड्या दुपारनंतरच घ्यायच्या असं ठरलेलं. त्या दिवशी नेमकं ओव्हरटाइमला थांबवलं. उशिरा पोचले तर टेबलावर एलईडी दिव्यांची रिकामी खोकी.

"धनेश येऊन गेला," हे म्हणाले. धनेश म्हणजे कांदा वाहणारा पिकअपवाला, आमचं जुनं गिऱ्हाईक. रात्रीचा घाट उतरून कोकणात जायचं, म्हणून त्याला झगझगीत पांढरे दिवे हवे होते.

"मी नसताना? आणि गाठी कुणी बांधल्या?"

"अंदाजानं जोडल्या. चाकणला माल भरायची घाई होती त्याला. इतकी वर्षं मी काय गोट्या खेळलो का?"

"तपासलं तरी का?"

"अप्पर त्यानं बघितला, झक्क पडला म्हणाला. डिपर मी हात धरून बघितला. काच चांगली गरम होती."

"अहो, गाडीचं तोंड कुठं होतं?"

ह्यांनी हातानं दाखवलं. गाडीचं तोंड मावळतीकडं होतं. एप्रिलचं ऊन दुपारभर त्या काचेवर, आणि एलईडीची काच तर दिवा लागला तरी फारशी तापत नाही. हात लावला असता तर दगडसुद्धा गरम लागला असता. घाटात समोरून ट्रक आला, धनेशनं झोत खाली करायला डिपर मारला आणि दोन्ही दिवे विझले, तर त्याच्यापुढं नुसता काळोख.

मी फोन काढला. ह्यांनी माझं मनगट धरलं.

"काय सांगणार आहेस?"

"खरं ते."

"मग उद्यापासून मी करू काय?"

मला गलबलून आलं आणि तितकाच संतापही आला. "त्याच्या घरी लेकरं आहेत," मी म्हटलं. "त्यांना काय सांगायचं, आमच्या इज्जतीसाठी तुमचा बाप गेला?"

मनगट सुटलं. फोन त्यांनीच घेतला.

"धनेश, गाडी घाटात घालू नको. मागं फिर. मला वायरींचे रंग दिसत नाहीत रे."

पोती तशीच ठेवून तो आला. डिपर लावला, तर दोन्ही दिवे बंद. मग मी चारचौघांसमोर ह्यांच्या शेजारी बसले आणि एकेक वायर हातात देत रंग सांगत गेले. धनेश हाताची घडी घालून बघत होता. दिवे लागले. वाकडा शब्द त्यानं काढला नाही. "दादा, तब्येतीला जपा. वहिनी, येतो," म्हणून निघाला.

मी दारात उभी होते. पुढच्या चौकात दुसऱ्या वायरमनच्या दुकानापुढं त्याची गाडी थांबली. तो खाली उतरला, बॉनेट उघडलं. त्याला तरी काय बोलणार, त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

आत हे हात पुसत होते. "गेला का गं घाटाकडं?"

"गेला," मी म्हटलं.