चाळीस मास्तर आणि एक भिकुबाई

भिकुबाईचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा चढलं ते बावन्नाव्या वर्षी, आणि तेही 'निरक्षर' या रकान्यात. त्या रकान्यात ती एकटीच होती. बाकीचा गाव तोवर स्वयंसेवक होऊन बसला होता.

आता असं कसं झालं म्हणाल, तर त्याला कारण दगा पाटील. एकसष्ट सालच्या सारंगखेड्याच्या यात्रेत हा गडी आपली घोडी घेऊन ऐटीत निघाला होता. गर्दी अडवायच्या दोरीपाशी एका किडकिडीत स्वयंसेवक पोराने छातीवरचा पितळी बिल्ला पुढे केला, शिट्टी फुंकली आणि म्हणाला, "मागे व्हा!" ज्याच्यासमोर गावात कुणी मोठ्याने खोकत नाही, तो दगा पाटील घोडीसकट मागे झाला. महिनाभर त्याला अन्न गोड लागलं नाही. "त्यानापन काय व्हतं?" त्या पोरापाशी असं होतं तरी काय, हे तो भेटेल त्याला विचारायचा. "बिल्ला! आखो काय?"

आणि नेमके पौषात शाळेच्या छगन मास्तरांकडे तालुक्याहून चाळीस बिल्ले आले. सोबत बारा पाट्या, दहा अंकलिप्या आणि खडूची एक पेटी. प्रौढांना लिहावाचायला शिकवणारे स्वयंसेवक जमवा, असा हुकूम होता. मास्तरांचा अंदाज होता, पाचसहा जण मिळाले तरी गंगेत घोडं न्हालं. त्यांनी दवंडी पिटवली, आणि दुपारपर्यंत शाळेपुढे चाळीस माणसांची रांग! पहिला नंबर दगा पाटलाचा.

"आप्पा, तुम्हाला वाचता येतं का?" मास्तरांनी चाचरत विचारलं.

"वाचानं कोणले शे? मले शिकवानं शे!"

आता घ्या! चाळिसातल्या चौतिसांना अक्षरओळख नव्हती, पण बिल्ला मात्र सगळ्यांनी लावून घेतला. सुगंधाबाईने पदराला लावला. अन्वर पिंजाऱ्याला कापूस पिंजताना तो धनुकलीच्या तातीत अडकायचा, तरी काढेना. आणि विद्यार्थी म्हणून खाली बसायला कुणीच तयार नाही. बिल्लेवाला माणूस कुठे शिकत असतो का?

छगन मास्तर दिसायला गरीब, पण पक्के. ते म्हणाले, "बरं, तुम्हाला कुणी शिकवणार नाही. कसं शिकवायचं तेवढं दाखवतो. समजा, समोर एक अडाणी बसलाय. त्याला 'ग' कसा काढून दाखवाल?" मग काय! त्या नसलेल्या अडाण्यासाठी चाळीस माणसं माना मोडून 'ग' काढायला लागली. ग म भ न झालं, काना-मात्रा झाली. अडाण्याला समजत नाही म्हणून दगा पाटील त्याच्यावर ओरडायलाही लागला. महिनाभरात निम्म्यांना बऱ्यापैकी वाचता येऊ लागलं आणि त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

पंचाईत पुढे झाली. शिकवायचं कुणाला? गाव पालथा घातला तर पाळण्यातली पोरं सोडून सगळ्यांच्या छातीवर बिल्ले! तेव्हा कुणाला तरी आठवलं, अरे, भिकुबाई!

ती दवंडीला नव्हती, कारण पौष लागला की ती तापीच्या वाळूत जायची. गावापासून कोसभर लांब तिची डांगरांची, म्हणजे खरबुजांची, वाडी होती आणि राखणीला पाचटाची झोपडी. मूलबाळ नाही, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. पहिला पूर येईपर्यंत ती तिथे एकटी असायची. बोलायला कुणी नाही म्हणून वेलांना शिव्या घालायची. पावसाळ्यात गावातल्या घरी यायची, तेव्हाही तिच्या दाराशी कुणी थांबत नव्हतं. का थांबावं? तिच्याकडे कुणाचं काही कामच नव्हतं.

आणि एका सकाळी चाळीस माणसं पाट्या घेऊन वाळू तुडवत तिच्यावर चालून आली. ती कोयता घेऊन उभी राहिली.

"भिकुमाय, भिऊ नको," दगा पाटील म्हणाला. "आम्ही तुले शिकवाले उनूत."

सगळ्यांनी एकदम शिकवलं असतं तर बाई वेडी झाली असती. म्हणून मास्तरांनी पाळ्या लावल्या, रोज दोघं, आणि सरकारी वहीत 'निरक्षर' या रकान्यात तिचं एकटीचं नाव चढवलं. दगा पाटील हुकूम सोडल्यासारखा शिकवायचा. अन्वर अक्षरांना ताल धरायचा. सुगंधाबाई भाकर आणि ठेचा घेऊन यायची, सासूची एक तक्रार सांगायची आणि एक अक्षर शिकवायची. तिच्या तक्रारी इतक्या, की मुळाक्षरं पुरली नाहीत, बाराखडी काढावी लागली. आणि जो तो डांगरावर ताव मारायचा. "शिकवाले उनात का डांगर खावाले?" भिकुबाई खेकसायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पिकलेलं डांगर बाजूला काढून ठेवायची आणि गावाच्या वाटेकडे बघत बसायची.

सतराव्या दिवशी तिला वाचता यायला लागलं.

सतराव्या दिवशी! अहो, दिवसाला दोन मास्तर, मग येणार नाही तर काय? अन्वर डांगर कापत होता आणि हिने आपल्याच नादात अंकलिपीचं पान खालपर्यंत वाचून काढलं. अन्वरच्या हातातली फोड वाळूत पडली.

"भिकुमाय, कोणले सांगू नको," तो घाबरून म्हणाला. "तू शिकनी तर आमना बिल्ला जातीन!"

भिकुबाईला बिल्ल्यांचं काय? तिचा हिशेब वेगळाच होता. आपल्याला येतं हे कळलं, की उद्यापासून या वाटेने कुणी येणार नाही. एवढी एकच भीती, पण तिने तिची झोप उडवली. दुसऱ्या दिवसापासून ती चुकायला लागली. ज्याला जशी आवडेल तशी चूक! पाटलाला ओरडायला आवडायचं, त्याच्यापुढे 'ग' उलटा काढायची. सुगंधाबाईला मुक्काम लांबवायचा असायचा, तिच्यापुढे 'भ' आणि 'म' यांत तासभर घोळ घालायची. एवढं शिताफीने चुकायचं म्हणजे चेष्टा नाही.

वैशाखात तपासणीला साहेब आले. पुण्याकडचे होते. बैलगाडीतून वाळूत उतरले आणि बघतात तर चाळीस बिल्ले ओळीने उभे.

"आणि शिकणारे कुठे आहेत?"

मास्तरांनी भिकुबाईकडे बोट केलं. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. तरी एकच बाई दिसली.

"हे पहा," ते घाम टिपत म्हणाले, "माझ्याकडे दोन रकाने आहेत, साक्षर आणि निरक्षर. बाई साक्षर झाल्या असतील तर काम संपलं, वर्ग बंद. झाल्या नसतील तर चाळीस जणांनी चार महिने केलं काय? तरीही वर्ग बंद."

सगळ्यांचे चेहरे उतरले. दगा पाटलाचा हात बिल्ल्यावर गेला. भिकुबाईच्या डोळ्यांपुढे उद्याची सकाळ आली, रिकामी वाट आणि बोलायला नुसते वेल. तिने पाटी ओढली आणि खडू उचलला. तीन महिन्यांत पहिल्यांदा एकही चूक न करता तिने लिहिलं, 'मी शिकी ऱ्हायनू'.

"हे काय?"

"मी शिकते आहे, असं लिहिलंय साहेब," मास्तर म्हणाले.

"लिहिता येतं, म्हणजे साक्षर!"

"पण ती म्हणते अजून शिकते आहे."

"मग निरक्षर!"

"मग साहेब, हे लिहिलं कुणी?"

साहेब पाटीकडे बघत राहिले, मग वहीकडे, मग पुन्हा पाटीकडे. ऊन डोक्यावर आलं होतं. शेवटी त्यांनी पट्टी मागवली, तिसरा रकाना आखला आणि वर 'शिकी' एवढं लिहून अडले. पुढचा 'ऱ्हा' त्यांना येईना. भिकुबाईने पाटी त्यांच्यासमोर धरली आणि बोटाने गिरवून दाखवला. चाळीस जण श्वास रोखून बघत होते. साहेबांनी मुकाट्याने उतरवून घेतलं.

"पण बाई," वही मिटताना त्यांनी विचारलं, "हे शिकणं चालणार तरी कुठवर?"

भिकुबाईने त्या सगळ्या ओळीवरून नजर फिरवली.

"जवलगून हाई येतीन," ती म्हणाली, "तवलगून."

मास्तर साहेबांना समजावून सांगायला पुढे झाले. "हे लोक येतील तोवर," ते म्हणाले, आणि उद्याच्या पाळीची दोन नावं पुकारली.