भिंतीपलीकडचं पाणी

पाठीला पाठ लावून बसवलेल्या दोन कमोडांपायी एखाद्याची झोप उडाली, असं सांगितलं तर लोक हसतील. हसू देत. ओरेस्त बाबियुकची उडाली होती खरी.

डॉफिन गावात उभं आयुष्य नळकामात घालवलेला हा माणूस. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्याने धंदा लेकीच्या, दारकाच्या, हाती सोपवला. तिच्याकडे स्वतःचं लायसन्स होतं, हात चांगला होता आणि जीभ त्याहून तिखट. बापाला ती 'तातो' म्हणायची. तिने एकच अट घातली होती.

"तातो, माझ्या कामात नाक खुपसायचं नाही. माझ्या पाठीमागे एक जरी पाईप तपासलात, तर मी विनिपेग शहरातल्या त्या कंपनीत जाईन. ते अजून बोलावतायत मला."

ओरेस्तने निमूटपणे मान हलवली. बायको गेल्यापासून घरात बोलायला होतं कोण दुसरं? लेकही गेली तर भिंतींशी बोलायची पाळी.

दारकाचं पहिलं मोठं काम म्हणजे चर्चच्या हॉलमधले नवे संडास. अलीकडे पुरुषांचा, पलीकडे बायकांचा, मध्ये एक भिंत आणि भिंतीत दोघांचा मिळून एकच पाईप. काम संपलं, फरशा लागल्या, इन्स्पेक्टरने पाणी भरून गळती तपासली आणि सही ठोकली. रविवारी अख्ख्या गावाचं जेवण होतं, बिशपसुद्धा येणार होते.

आणि शुक्रवारी सामानाच्या दुकानातला वेस सहज म्हणाला, "तुझ्या लेकीने सरळ क्रॉस नेला बरं का. हॉलसाठी म्हणाली."

झालं! पाठीला पाठ लावून कमोड असले की सरळ क्रॉस, म्हणजे चार तोंडांचा सरळ जोड, लावायचा नसतो, खाली वळणारा बाकदार जोड लावतात. नाहीतर इकडे फ्लश केलं की लोंढा खाली जायच्याऐवजी थेट समोर धावतो आणि पलीकडच्या भांड्यात उसळतो. गळतीच्या तपासणीत हे कळतच नाही. कळतं ते पलीकडे कुणी बसलेलं असताना! इकडे बिशप फ्लश करतायत आणि तिकडे हॉलचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या स्तेफा मावशी किंचाळत उठतायत, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. गाव वर्षानुवर्षं हसलं असतं. दारकाला पुन्हा काम कुणी दिलं असतं?

विचारावं का तिला? छे! विचारलं म्हणजे शंका घेतली, आणि शंका घेतली म्हणजे गेली ती विनिपेगला. रात्रभर तो कूस बदलत राहिला.

शनिवारी हॉलच्या स्वयंपाकघरात बायका पिरोगी, म्हणजे करंजीसारख्या उकडायच्या पुऱ्या, भरत बसल्या होत्या. पिठाने माखलेले हात आणि अखंड बडबड. ओरेस्तने हळूच स्तेफा मावशींना गाठलं.

"मावशी, बोर्श सुपाच्या बीटाचं थोडं पाणी द्याल? जरा लालभडक."

"कशाला रे?"

"पोट साफ होत नाहीये." मावशींनी भरून दिलेला जग घेऊन तो निघाला.

"मग जग घेऊन संडासाकडे कुठे निघालास? थेट तिथेच ओततोस की काय?"

बायका खो खो हसल्या. ओरेस्तही हसला, पण घाम फुटला होता. कारण त्याला नेमकं तेच करायचं होतं.

पुरुषांच्या भांड्यात त्याने लाल पाणी ओतलं, फ्लश केलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी धावत वळसा घालून बायकांच्या बाजूला शिरला. बाहेरून कुणी आलं तर काय सांगायचं, याचा विचारही केला नव्हता. झाकण उचललं. पाणी स्वच्छ. लालीचा टिपूससुद्धा नाही. विश्वास बसेना म्हणून त्याने परत जाऊन उरलेला जग रिकामा केला, पुन्हा धावत आला. तरीही स्वच्छ!

"शाब्बास गं माझी वाघीण," तो मोठ्याने म्हणाला. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या.

"कोणाला म्हणताय?"

दारात दारका उभी होती. तिची नजर जगावर गेली, मग त्याच्या लाल बोटांवर.

"मावशी म्हणाल्या, तुझा बाप बीटाचं पाणी घेऊन संडासात फिरतोय. म्हटलं, बघावं." तिचा आवाज अगदी शांत होता. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं त्याला. "वेस बोलला असणार. सरळ क्रॉस दोन बेसिनांना लावलाय, तातो. बेसिनांना तो चालतो. तुम्हीच शिकवलंत."

बेसिनं! भिंतीच्या दोन्ही बाजूंना बेसिनंही होती. हे त्याच्या डोक्यात कसं आलं नाही?

"तू जाशील म्हणून घाबरलो होतो गं. विचारलं असतं तर तुला राग आला असता."

"आला असता," दारका म्हणाली. "आणि संध्याकाळपर्यंत गेला असता."

तिने कागद घेऊन फरशीवर सांडलेले लाल थेंब पुसले, कागद टाकला, हात धुतले. मग ती बाहेरच्या बोळात गेली. ओरेस्त तिथेच उभा राहिला आणि फोनवरचं तिचं बोलणं त्याला स्पष्ट ऐकू आलं. जेवण झालं की सोमवारी निघते, असं ती विनिपेगच्या माणसाला सांगत होती.